अडीच इंचांची वहिवाट

जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क कुरकुरू लागली, अथवा तिच्यात जागा उरली नाही, म्हणजे तिच्या जागी दुसरी बसवावी किंवा तिच्या जोडीला आणखी एक द्यावी, हा विचार आज इतका स्वाभाविक वाटतो की, अशी अदलाबदल मुळात शक्य तरी का होते, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात उद्भवत नाही. एका देशातील कारखान्याने दहा-पंधरा वर्षांपूर्वी घडवलेल्या यंत्रात, त्या यंत्राचे नावही ज्याने ऐकलेले नाही अशा दुसऱ्या कारखान्याची, तिसऱ्याच देशात परवा तयार झालेली वस्तू चार स्क्रूंवर बसावी आणि बसताच कामाला लागावी, ही काही निसर्गाची देणगी नव्हे. तिच्यामागे करार आहेत, तह आहेत, कोर्टकज्जे आहेत, आणि केव्हाच दिवाळे निघालेल्या कंपन्यांनी मागे ठेवलेली मापे आहेत. हा इतिहास चाळताना एक गोष्ट मला विशेष जाणवली. प्रारंभी दोन वस्तूंचे जमत नसेल तर ते हाताला आणि डोळ्याला तत्काळ कळत असे. कालांतराने हे न जमणे अधिकाधिक खोल, अधिकाधिक अदृश्य होत गेले, आणि त्याबरोबर डिस्क निवडण्याचे काम गिऱ्हाइकाच्या हातून निसटून जाणकाराच्या हाती गेले.

आरंभ मापापासूनच केला पाहिजे. आयबीएमने १९५६ साली कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथे सिद्ध केलेल्या रॅमॅक यंत्राच्या डिस्कसंचात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या एका उभ्या दांड्यावर फिरत, संचाचे वजन एक टनाहून अधिक भरे, आणि एवढ्या सरंजामात अवघी पन्नास लक्ष अक्षरे मावत. हे यंत्र सामान्यतः मासिक भाड्याने दिले जाई, आणि ज्याची मालकीच आपली नाही त्याचा एखादा भाग आपण बदलावा किंवा कसे, हा प्रश्न उपस्थित होण्यास तेथे अवकाशच नव्हता. तो अवकाश निर्माण झाला १९८० साली, जेव्हा ॲलन शुगार्ट आणि फिनिस कॉनर यांच्या कंपनीने, जी पुढे सीगेट या नावाने विख्यात झाली, पाच मेगाबाइटची एसटी-५०६ ही डिस्क बाजारात आणली आणि तिचे बाह्य माप त्या वेळच्या सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्हइतकेच राखले, जेणेकरून फ्लॉपी काढून त्याच कप्प्यात ती सरकवता यावी. नव्या वस्तूला जुनीची जागा घ्यावयाची असेल तर तिने आधी जुन्या जागेचा आकार पत्करला पाहिजे, हा संकेत तेथे रूढ झाला. त्यानंतर १९८३ साली स्कॉटलंडमधील ग्लेनरॉथेस येथील रोडाइम या कंपनीने साडेतीन इंची डिस्क काढली, त्या आकाराच्या डिस्कवर पेटंट मिळवले, आणि स्वतःचे उत्पादन बंद पडल्यावरही इतर कंपन्यांवरील दावे वर्षानुवर्षे चालू ठेवले. सीगेटशी चाललेला तंटा तर २००० साली तडजोडीने मिटला. कोणाच्या डिस्केची लांबीरुंदी किती असावी ही बाब अशा रीतीने केवळ कारागिरीची न राहता मालकी हक्काची झाली.

परंतु लॅपटॉपच्या संदर्भात ज्या मापाला खरे महत्त्व आहे ते अडीच इंची माप अमेरिकेतील कोलोराडो राज्याच्या लाँगमाँट गावात जन्मले. या गावाला डिस्कांच्या इतिहासात एक वेगळीच कुप्रसिद्धी आहे: मिनिस्क्राइब नावाच्या तेथील कंपनीने हिशेबात मालाचा तुटवडा दिसू नये म्हणून १९८७ साली खोक्यांत चक्क विटा भरून त्या हार्ड डिस्का म्हणून रवाना केल्या होत्या, आणि ते प्रकरण उघडकीस आल्यावर १९९० साली तिचे दिवाळे वाजले. मिनिस्क्राइबचेच संस्थापक टेरी जॉन्सन यांनी त्याच गावात प्रेअरीटेक ही दुसरी कंपनी उभी केली होती, आणि तिने १९८८ साली वीस मेगाबाइटची पहिली अडीच इंची डिस्क विक्रीस आणली. हे अडीच इंच म्हणजे डिस्केच्या खोक्याचे माप नव्हे. ते आतील तबकडीच्या व्यासाचे ढोबळ माप. खोके स्वतः सुमारे सत्तर मिलिमीटर रुंद आणि शंभर मिलिमीटर लांब असते. प्रेअरीटेकही १९९१ साली बुडाली. ही डिस्क काढल्यापासून तीन वर्षांत जिचा प्रपंच आटोपला त्या कंपनीची ही सत्तर बाय शंभरची चौकट मात्र आजही बहुतेक जुन्या लॅपटॉपच्या तळाशी कायम आहे, आणि कायद्याच्या भाषेत बोलायचे तर तिला आता वहिवाटीचा हक्क प्राप्त झाला आहे.

लांबी आणि रुंदी ठरली, पण जाडी मोकळी राहिली, आणि पहिला घोळ तेथेच झाला. १९९० च्या दशकात एकोणीस, सतरा, साडेबारा आणि साडेनऊ मिलिमीटर जाडीच्या डिस्का एकाच काळी विकल्या जात, कारण जितक्या अधिक तबकड्या एकावर एक रचाव्या तितकी क्षमता वाढे आणि तितकी जाडीही वाढे. यथावकाश तबकडीवरील नोंदींची दाटी इतकी वाढली की दोन तबकड्यांतच काम भागू लागले आणि साडेनऊ मिलिमीटर हीच सर्वमान्य जाडी झाली. ही दाटी वाढण्यात मोठा वाटा १९८८ साली आल्बेर फर्ट आणि पेटर ग्र्युनबर्ग यांनी स्वतंत्रपणे लावलेल्या महाकाय चुंबकीय प्रतिरोधाच्या त्या शोधाचा होता, ज्यासाठी त्यांना २००७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तरीही मोह सुटला नाही. २००९ साली वेस्टर्न डिजिटलने अडीच इंची मापात प्रथमच एक टेराबाइटची डिस्क आणली, पण तिच्यात तीन तबकड्या असल्यामुळे ती साडेबारा मिलिमीटर जाड होती, आणि नावात अडीच इंच पाहून ती घेणाऱ्याला घरी आल्यावर झाकण लागत नाही असे आढळून येण्याचा संभव भरपूर होता. पातळ डिस्क जाड कप्प्यात बसते, जाड डिस्क पातळ कप्प्यात बसत नाही, हा नियम इतका साधा की तो सांगण्याची लाज वाटावी. पण माझ्या मते साध्या नियमांचीच हेळसांड अधिक होते.

मापानंतर सांध्याचा प्रश्न येतो. डिस्केचे नियंत्रण करणारे विद्युत्-मंडल वेगळ्या कार्डावर न ठेवता डिस्केच्याच अंगावर चढवावे, ही कल्पना कॉम्पॅक, वेस्टर्न डिजिटल आणि कंट्रोल डेटा यांच्या सहकार्यातून १९८६ च्या सुमारास प्रत्यक्षात आली, आणि तिलाच बाजाराने आयडीई हे नाव दिले. अधिकृत मानकाचा दर्जा तिला १९९४ साली मिळाला. म्हणजे वहिवाट आधी आणि सनद मागाहून, असा हा क्रम. टेबलावरच्या संगणकात तिला चाळीस पिना आणि विजेसाठी स्वतंत्र जोड असे. लॅपटॉपमध्ये जागा अपुरी म्हणून पिनांमधील अंतर कमी करून दोन मिलिमीटरवर आणले आणि विजेच्या चार पिना त्याच ओळीत घालून एकूण चव्वेचाळीस केल्या. येथपर्यंत सर्व एकमताने झाले. पण लॅपटॉप घडवणाऱ्या प्रत्येक कंपनीने या चव्वेचाळीस पिनांवर स्वतःचा एक लहानसा मधला जोड बसवला, डिस्केभोवती स्वतःच्या आकाराची पत्र्याची चौकट घातली, आणि कप्प्याचे तोंड त्या चौकटीलाच जुळेल असे केले. परिणामी नवी डिस्क आणणारा मनुष्य जुन्या डिस्केवरील तो बोटभर जोड काढून ठेवण्यास विसरला, किंवा दुरुस्तीच्या गडबडीत तो कोठे हरवला, तर हजारो रुपयांची निर्दोष डिस्क हाती असूनही लॅपटॉप मुका राही. आजही जुना लॅपटॉप विकत घेताना आत डिस्क नसली तरी चालेल, पण चौकट आणि जोड जागेवर आहेत ना हे आधी पाहावे असे जाणते लोक सांगतात, ते याच कारणाने.

माप जुळले, सांधा जुळला, तरी डिस्क किती मोठी आहे हे लॅपटॉपला उमगेलच असे नव्हते, आणि या इतिहासातील सर्वांत रंजक प्रकरण माझ्या दृष्टीने हेच होय. तबकडीवरील कोणत्याही नोंदीचा पत्ता त्या काळी तीन अंकांनी लिहिला जाई: कितवे वर्तुळ, कितवे शीर्ष आणि कितवा खंड. आता या पत्त्यासाठी बायॉसने, म्हणजे यंत्र सुरू होताच जागे होणाऱ्या मूळ आज्ञावलीने, वर्तुळाला दहा, शीर्षाला आठ आणि खंडाला सहा बिट राखून ठेवले होते. तर डिस्केच्या बाजूच्या करारात वर्तुळाला सोळा, शीर्षाला चार आणि खंडाला आठ बिट होते. दोन कचेऱ्यांनी एकाच अर्जाचे दोन निरनिराळे छापील नमुने काढावे, आणि अर्ज दोन्हीकडे मान्य व्हावयाचा तर प्रत्येक रकान्यात ज्याची चौकट लहान त्याच्याच बेताने लिहावे लागावे, तशातला हा प्रकार झाला. प्रत्येक ठिकाणी धाकटा आकडा घेतला की १,०२४ वर्तुळे, १६ शीर्षे आणि ६३ खंड उरतात; प्रत्येक खंड ५१२ बाइटचा; गुणाकार ५२,८४,८२,३०४ बाइट, म्हणजे सुमारे ५२८ मेगाबाइट. दोन्हीपैकी कोणताही एक नमुना पुरता वापरला असता तर मर्यादा कितीतरी वर गेली असती. पण दोहोंचा संगम झाला तो दोघांच्याही दारिद्र्याचा. १९९० च्या दशकाच्या मध्यावर या भिंतीवर आदळलेल्या डिस्कांसाठी पत्त्यांचे भाषांतर करणारी तजवीज निघाली, तेव्हा मर्यादा ८.४ जीबीपर्यंत सरकली. पुढे खंडांना सरळ क्रमांक देण्याची पद्धत सार्वत्रिक झाली, तेव्हा त्या क्रमांकाला अठ्ठावीस बिट दिले गेले आणि भिंत १३७ जीबीवर उभी राहिली. अखेरीस अठ्ठेचाळीस बिटांची मुभा मिळाली आणि विंडोज एक्सपीच्या २००२ मधील पहिल्या सर्व्हिस पॅकने ती ओळखली.

ही भिंत नुसती अडवणारी असती तर गोष्ट वेगळी. जुन्या बायॉसच्या लॅपटॉपमध्ये १६० जीबीची डिस्क घातली की ती निमूटपणे बसे, चालू होई, थोडी लहान दिसे इतकेच. पण कार्यप्रणाली आणि बायॉस यांच्यात मर्यादेविषयी एकवाक्यता नसेल तर मर्यादेपलीकडचे लिखाण कित्येकदा गुंडाळले जाऊन डिस्केच्या आरंभावरच जाऊन पडे आणि तेथील माहितीची नासाडी होई. हे न जुळणे बसवतेवेळी कळत नसे; ते काही महिन्यांनी, डिस्क भरत आल्यावर कळे. झाकण न लागण्याच्या लटपटीपेक्षा ही अडचण निश्चितच वेगळ्या जातीची होती.

२००३ च्या सुमारास सॅटा जोडणी प्रचारात आली आणि सांध्याचे प्रकरण बव्हंशी निकालात निघाले. सात पिना माहितीच्या आणि पंधरा विजेच्या, हा जोड टेबलावरच्या आणि मांडीवरच्या संगणकांना एकच ठेवण्यात आला. वेग सेकंदाला दीड गिगाबिटवरून २००४ साली तीनवर आणि २००९ साली सहावर गेला, तरी जोडाची घडण बदलली नाही आणि नवी डिस्क जुन्या यंत्राशी त्याच्या गतीने बोलू शकेल अशी व्यवस्था करारातच करण्यात आली. या करारकर्त्यांचे जितके आभार मानावे तितके थोडे. आज २००७ सालच्या लॅपटॉपमध्ये नवी सॅटा डिस्क निर्धोकपणे टाकता येते ती त्यांच्या दूरदृष्टीमुळे.

तथापि संक्रमणकाळात एक विलक्षण गोष्ट घडली. २००५ साली विकल्या गेलेल्या थिंकपॅड टी४३ या लॅपटॉपमध्ये मदरबोर्ड सॅटाचा आणि डिस्क मात्र जुन्या चव्वेचाळीस पिनांची, अशी रचना होती, आणि दोहोंमध्ये दुभाष्याचे काम करणारी एक चिप बसवलेली होती. या चिपशी प्रत्येक डिस्केचे जमेलच अशी शाश्वती नसल्याने असेल, त्या यंत्राच्या बायॉसमध्ये मान्यताप्राप्त डिस्कांची यादी घालण्यात आली. यादीबाहेरची डिस्क बसवली की यंत्र सुरू होताना दरवेळी २०१० क्रमांकाचा इशारा झळके, ही डिस्क या यंत्रात नीट चालेलच असे नाही असे सांगे, आणि कळ दाबल्याखेरीज पुढे सरकत नसे. माप तेच, पिना त्याच, क्षमता मर्यादेच्या आत, बहुधा डिस्क चालेही व्यवस्थित. फक्त परवाना नाही. त्याच सुमारास काही कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये वाय-फाय कार्डांनाही अशीच परवानगीची यादी लागू होती. तांत्रिक कारण मुळीच नव्हते असे मी म्हणणार नाही. पण विकलेल्या वस्तूच्या आत कोणी राहावे याचा हुकूम विकणाऱ्याने विक्रीनंतरही राखून ठेवावा, ही प्रथा या निमित्ताने लॅपटॉपच्या डिस्केपर्यंत येऊन पोहोचली, आणि ती मला आजही आक्षेपार्ह वाटते.

हिंदुस्थानात या साऱ्याचा अनुभव लोकांना आला तो कंपन्यांच्या सेवाकेंद्रांपेक्षा बाजारांतून: दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड. १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव धारण करणारा हा रस्ता कागदोपत्री केव्हाच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाला आहे, परंतु ग्रँट रोड स्टेशनबाहेर टॅक्सीवाल्याला ते नाव सांगून पाहावे म्हणजे कागद आणि वहिवाट यांतील अंतर कळेल. मिनर्व्हा, अप्सरा, नाझ, स्वस्तिक अशा चित्रपटगृहांची ही एकेकाळची वस्ती. नाझच्या आवारात तर हिंदी चित्रपटांच्या वितरकांच्या कचेऱ्या होत्या आणि कोणता चित्रपट कोणत्या प्रांतात किती किमतीला जाणार हे तेथे ठरत असे. त्याच रस्त्यावर रेडिओचे सुटे भाग, मग ट्रान्झिस्टर, मग दूरदर्शन संच आणि ध्वनिफितींची सामग्री विकणारी दुकाने दाटीने वाढली, आणि १९८४ च्या नोव्हेंबरातील नव्या संगणक धोरणाने आयातीची दारे किलकिली केल्यावर व १९९१ नंतर ती चांगलीच उघडल्यावर, त्याच चिंचोळ्या गाळ्यांत संगणकाचे भाग येऊन बसले. १९९७ साली भारताने माहिती-तंत्रज्ञान वस्तूंच्या जागतिक करारावर सही केली आणि २००५ पर्यंत त्या वस्तूंवरील आयातशुल्क शून्यावर आले. तेव्हा हार्ड डिस्क ही चैनीची वस्तू राहिली नाही, ती किराण्याच्या हिशेबात आली.

या बाजाराची एक पद्धत आहे. गिऱ्हाइकाने डिस्क मागितली की दुकानदार किंमत सांगत नाही. तो आधी मॉडेल विचारतो, मग पाहिजे तर लॅपटॉप उलटा करून तळाचे लेबल वाचतो, आणि जुन्या डिस्केतील डेटा हवा आहे काय हे विचारतो. बिल घेतल्यास वेगळा भाव, न घेतल्यास वेगळा. कंपनीची वॉरंटी असलेला माल वेगळा, कचेऱ्यांनी तीन-चार वर्षे वापरून काढून टाकलेल्या लॅपटॉपांतून निघालेला वेगळा, आणि या दुसऱ्याला मिळाली तर फक्त टेस्टिंग वॉरंटी, म्हणजे डोळ्यांदेखत चालवून दाखवण्यापुरती हमी. बाहेरच्याला हा सारा सौदेबाजीचा पसारा वाटतो. वस्तुतः त्या काउंटरवरचे प्रश्न म्हणजे वर सांगितलेल्या सगळ्या इतिहासाची उजळणी असते: जाडी किती, सॅटा की जुनी, यंत्र किती जीबीपर्यंत घेते. पुस्तकात न वाचता, केवळ परत आलेल्या मालाच्या तोट्यातून हे ज्ञान तेथे साचले आहे.

२०११ च्या ऑक्टोबरात थायलंडमध्ये महापूर आला, बांग पा-इन येथील वेस्टर्न डिजिटलचा कारखाना पाण्याखाली गेला, आणि डिस्कांचे भाव ठिकठिकाणी दुपटीवर पोहोचले. जगभरात आजवर दोनशेहून अधिक कंपन्यांनी हार्ड डिस्का केल्या असे सांगतात. या पुराच्या मागेपुढे सॅमसंगचा डिस्क-व्यवसाय सीगेटकडे आणि हिताचीचा वेस्टर्न डिजिटलकडे गेला व तोशिबा धरून तीनच उरल्या. पाणी ओसरले, पण त्या काळात कंपन्यांनी कमी केलेली वॉरंटीची मुदत काही पूर्ववत झाली नाही.

पुरापेक्षाही मोठी उलथापालथ अगोदरच सुरू झाली होती. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८७ साली जगापुढे मांडलेल्या नँड फ्लॅश स्मृतीपासून बनलेल्या डिस्का, म्हणजेच एसएसडी, वीस वर्षे महाग खेळणे म्हणून राहिल्या. २००८ साली इंटेलची ऐंशी जीबीची एक्स२५-एम आली तेव्हा त्यांना सामान्य लॅपटॉपचा दरवाजा उघडला. मिनिटाला ५,४०० फेऱ्यांच्या डिस्केला हवी ती नोंद काट्याखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे साडेपाच मिलिसेकंद, थांबावे लागते, आणि काटा योग्य वर्तुळावर नेण्याचा वेळ त्याहून निराळा. फ्लॅशला हेच काम एका मिलिसेकंदाच्या दशांशात जमते. या फरकाने डिस्क बदलण्याचा हेतूच पालटला. तोपर्यंत डिस्क बदलली जाई ती बिघडली किंवा भरली म्हणून. आता धडधाकट डिस्क काढून एसएसडी टाकली जाऊ लागली, ती दहा वर्षांच्या यंत्राला तरुण करण्यासाठी. जुन्या लॅपटॉपसाठी सर्वांत वेगवान एसएसडी हुडकत बसणाऱ्यांना मात्र एवढे सांगावेसे वाटते की, जेथे जोडणीच सेकंदाला दीड किंवा तीन गिगाबिटची आहे तेथे खोक्यावरील मोठ्या आकड्यांचा उपयोग नाही. लाभ होतो तो वाट पाहणे संपल्याचा, आणि तो लाभ स्वस्त, मध्यम प्रतीची एसएसडीही जवळजवळ तितकाच देते. गंमत अशी की या डिस्कांना ना तबकडी, ना फिरणे, ना अडीच इंचांचे काही प्रयोजन. पुष्कळदा आतील पट्टी खोक्याचा तिसरा हिस्साही व्यापत नाही. तरीही त्या पोकळ खोक्याने सत्तर बाय शंभरची चौकट निष्ठेने धारण केली, आणि जाडी सात मिलिमीटर झाली तेव्हा इंटेलने अडीच मिलिमीटरची प्लास्टिकची किनार वर चढवून ती साडेनऊच्या कप्प्यात घट्ट बसेल अशी सोय केली.

दुसरी डिस्क बसवण्याची चाल याच सुमारास फोफावली. एसएसडी वेगवान पण लहान, जुनी हार्ड डिस्क मंद पण ऐसपैस; तेव्हा सीडी-डीव्हीडीचा ड्राइव्ह, ज्याचा उपयोग दिवसेंदिवस घटत होता, काढून त्याच्या जागी एक चौकट घालावी आणि तिच्यात जुनी डिस्क ठेवावी, ही युक्ती घरोघरी पोहोचली. या चौकटीला बाजार कॅडी म्हणतो. येथेही जाडीचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला, कारण डीव्हीडीचे कप्पे कोठे १२.७ तर कोठे ९.५ मिलिमीटरचे, आणि त्याखेरीज असे आढळले की २००६-०७ च्या कित्येक लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क सॅटाची असूनही डीव्हीडी मात्र जुन्या आयडीई जोडणीचीच होती, म्हणून एकाच यंत्राच्या दोन कप्प्यांसाठी दोन पिढ्यांचे सामान लागे. २०११ च्या थिंकपॅड एक्स२२० सारख्या यंत्रांत तिसरी वाट निघाली: मोबाइल इंटरनेटच्या कार्डासाठी ठेवलेल्या खाचेत एमसॅटा नावाची बोटभर एसएसडी बसे. पण त्या खाचेचे बाह्य रूप मिनी पीसीआय एक्सप्रेसच्या खाचेशी हुबेहूब जुळणारे, आणि आतील तारा भिन्न. एका लॅपटॉपमध्ये जी एसएसडी चालली ती दुसऱ्याच्या तशाच दिसणाऱ्या खाचेत बसूनही निर्जीव राही, आणि डोळ्यांनी त्याचे कारण सापडणे अशक्य.

एम.टू या २०१३ च्या सुमारास आलेल्या प्रकाराने हा अदृश्य भेद परमावधीला नेला. बावीस मिलिमीटर रुंदीच्या या पट्ट्या ३०, ४२, ६० आणि ८० मिलिमीटर लांबीच्या निघाल्या, एवढे तरी पट्टीने मोजता येते. त्यांच्या कडेला कोरलेल्या एका किंवा दोन खाचाही दिसतात. पण एकाच रूपाच्या पट्टीत एक सॅटाची भाषा बोलते आणि दुसरी २०११ साली मानक ठरलेल्या एनव्हीएमईची, आणि लॅपटॉपची खाच दोहोंपैकी कोणती समजते हे तिच्या मुखावरून सांगता येत नाही. खाच ती भाषा समजली तरी जुना बायॉस त्या डिस्केवरून यंत्र सुरू करू शकेलच असे नाही. विंडोज ७ ला तर एनव्हीएमई ओळखण्यासाठी मागाहून सॉफ्टवेअरची वेगळी पुरवणी द्यावी लागली.

ॲपलने २०१० च्या मॅकबुक एअरपासून स्वतःच्या वेगळ्या जोडाची पट्टी वापरली आणि २०१५ च्या बारा इंची मॅकबुकमध्ये स्मृतीच्या चिपा थेट मदरबोर्डावर डाखल्या. बदलण्याजोगे असे तेथे काही उरलेच नाही. इतर कंपन्यांचीही काही पातळ यंत्रे त्याच मार्गाने गेली. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या अधिकाराचा विचार करण्यासाठी समिती नेमली, ती याच पार्श्वभूमीवर.

उलट टोकाला, चव्वेचाळीस पिनांच्या यंत्रांचा कारभार अद्याप संपूर्ण आटोपलेला नाही. त्या जोडणीच्या अडीच इंची डिस्का ३२० जीबीपर्यंत निघाल्या आणि मग कारखान्यांनी ते उत्पादन थांबवले. परंतु डॉसवर चालणारा एखादा मापन-संच किंवा कारखान्यातील यंत्राला आज्ञा देणारा जुना लॅपटॉप जेथे अजून रोजच्या कामात आहे, तेथे कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड उपयोगी पडते, कारण १९९४ साली निघालेल्या या कार्डाची भाषा मुळातच आयडीईची आहे आणि पिनांचे अंतर जुळवणारा साधा अडॅप्टर तेवढा मध्ये लागतो. मात्र अशा यंत्राच्या धन्याला मोठे कार्ड नको असते. त्या यंत्राच्या बायॉसला ५२८ मेगाबाइट, फार तर ८.४ जीबीच समजतात. तेवढी लहान कार्डे आज औद्योगिक वापराचा माल म्हणून विकली जातात आणि त्यांचा दर जीबीमागे मोठ्या कार्डांच्या कितीतरी पट पडतो.